तोफगोळ्याची वाट : एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

मुरूडचा जंजिरा आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. मुंबईच्या उपनगरांतील शाळांच्या सहली तेथे नेहमी जातात. राजपुरीच्या धक्क्यावरून शिडाच्या होडीत बसावयाचे आणि किल्ल्यात शिरताच कलाल बांगडी तोफेचा बुरूज गाठावयाचा, हा मुलांचा ठरलेला क्रम. अशाच एका सहलीत मी विद्यार्थ्यांना सिद्दींचा इतिहास सांगत होतो. आफ्रिकेतून आलेल्या या दर्यावर्दी लोकांनी भर समुद्रातला हा किल्ला पिढ्यान्‌पिढ्या कसा राखला, १९४८ साली जंजिरा संस्थान भारतात कसे विलीन झाले, हे सारे सांगून झाले. तेवढ्यात आठवीतील एक मुलगा तोफेवर हात ठेवून समुद्राकडे पाहात म्हणाला, "सर, तोफ अशी आडवी धरून उडवली, तर गोळा आधी सरळ जाणार आणि जोर संपला की खाली पडणार, की निघाल्यापासूनच पडू लागणार?"

मी इतिहासाचा शिक्षक. सनावळ्या मला तोंडपाठ. पण या प्रश्नापुढे मी थबकलो. "जोर संपला की पडणार," हे उत्तर अगदी ओठांवर आले होते. बरे झाले, बोललो नाही. परत आल्यावर शिक्षकांच्या खोलीत विज्ञान शिकविणाऱ्या सहकाऱ्यांना विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही. खिशातून दोन सारखी नाणी काढली. टेबलाच्या कडेवर एक पट्टी अशी ठेवली की तिचे एक टोक बाहेर राहावे. बाहेरच्या टोकावर एक नाणे ठेवले, दुसरे नाणे टेबलाच्या कडेलाच पट्टीला टेकवून ठेवले आणि पट्टी मध्यावर बोटाने दाबून धरून तिला जोराची टिचकी मारली. टेकलेले नाणे दूर उडाले. पट्टीवरचे नाणे, खालची पट्टी सरकल्यामुळे, सरळ पायाशी पडले. "पाहू नका, ऐका," ते म्हणाले. आवाज एकच आला. दूर जाणारे नाणे आणि सरळ पडणारे नाणे एकाच क्षणी जमिनीला लागले होते.

म्हणजे दूर जाणाऱ्या नाण्याला गुरुत्वाकर्षणाने क्षणाचीही सवलत दिली नव्हती. 'आधी तू पुढे जाऊन घे, मग मी तुला खाली ओढतो,' असे गुरुत्वाकर्षण म्हणत नाही. ते वाट पाहात नाही. ही एवढीशी गोष्ट समजावयास माणसाला सुमारे दोन हजार वर्षे लागली. त्या दोन हजार वर्षांत आपल्या लोकांचा वाटा किती होता आणि तो कोठे थांबला, हे पालकांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे, यासाठी हा लेखनप्रपंच.

प्रथम ग्रीसकडे वळू. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटल होऊन गेला. आपले पूर्वज त्याला अरस्तू म्हणत. जड वस्तूने खाली जाणे हा तिचा स्वभाव. तिला आडवे फेकणे म्हणजे तिच्यावर जबरदस्ती करणे, असे तो मानी. पण हातातून सुटल्यावरही दगड पुढे का जातो? आजूबाजूची हवाच त्याला पुढे ढकलते, असे त्याने उत्तर दिले. आपल्या देशातही हा विचार झाला होता. कणादाच्या वैशेषिक सूत्रांत बाणाचे उदाहरण आहे. धनुष्याच्या दोरीने बाणाला धक्का मिळतो, त्यातून बाणाच्या ठिकाणी 'संस्कार' उत्पन्न होतो, त्या संस्काराने तो पुढे जात राहतो आणि संस्कार उरला नाही की 'गुरुत्वा'मुळे खाली पडतो, असे ते सांगतात. आपण आज ज्याला गुरुत्वाकर्षण म्हणतो त्यातील 'गुरुत्व' हा शब्द इतका जुना आहे. बाणाला पुढे नेणारी गोष्ट हवेत नसून बाणातच आहे, हा कणादांचा विचार ॲरिस्टॉटलच्या विचाराहून पुढचा होता. परंतु तेथेही गुरुत्व आपली पाळी येईपर्यंत थांबून राहते. जंजिऱ्यावर माझ्या ओठांवर आलेले उत्तर ते हेच!

त्यानंतर अलेक्झांड्रिया शहरात सहाव्या शतकात फिलोपोनस नावाच्या ख्रिस्ती विद्वानाने ॲरिस्टॉटलला आव्हान दिले. हवा ढकलीत नाही, फेकणारा हात वस्तूला जोर देतो, असे त्याने मांडले. पुढे बगदादला ग्रीक ग्रंथांची अरबी भाषांतरे झाली आणि वादाची सूत्रे अरबी भाषेत लिहिणाऱ्या विद्वानांच्या हाती आली.

इब्न सीना यांचे नाव आपण हकीम म्हणून ऐकतो. परंतु बुखाऱ्याजवळ ९८० साली जन्मलेल्या आणि १०३७ साली हमदान येथे निवर्तलेल्या या पुरुषाने 'किताबुश्शिफा' या ग्रंथात गतीचाही विचार केला आहे. फेकलेल्या वस्तूला 'मैल', म्हणजे एका बाजूस जाण्याची ओढ मिळते, असे त्यांनी म्हटले. ही ओढ आपोआप संपत नाही. हवेसारखा अडथळा तिला संपवितो. अडथळाच नसेल तर ती संपावयाचे कारण नाही. केवढा मोठा विचार हा! मात्र एकाच वस्तूत एकाच वेळी दोन ओढी नांदू शकत नाहीत, असे त्यांचेही मत होते. म्हणजे गोळा आधी पुढे जाणार, नंतर पडणार.

त्यांचेच समकालीन इब्न हैसम यांनी प्रकाशावर ग्रंथ लिहिताना धातूचा लहान गोळा आरशावर आदळविण्याचा प्रयोग वर्णिला आहे. त्या गोळ्याच्या गतीचे त्यांनी मनाने दोन भाग केले, एक आरशाकडे सरळ जाणारा आणि दुसरा आरशाला समांतर जाणारा. एकाच गतीत दोन गती पाहावयाच्या, ही दृष्टी येथे आढळते.

आणि मग बाराव्या शतकात बगदादमध्ये अबुल बरकात यांचा 'किताबुल मुअतबर' हा ग्रंथ आला. अबुल बरकात जन्माने यहुदी होते. उतारवयात त्यांनी इस्लाम स्वीकारला. त्यांनी इब्न सीनांच्या मताला हरकत घेतली. फेकलेल्या वस्तूत फेकण्याची ओढ आणि पडण्याची ओढ या दोन्ही एकाच वेळी असू शकतात, असे त्यांनी मांडले. पडणारी वस्तू अधिकाधिक वेगाने का पडते, याचेही कारण त्यांनी दिले. तिच्यातील पडण्याची ओढ तिला क्षणोक्षणी नवी गती देत राहते, असे ते म्हणतात. वाचकहो, जंजिऱ्यावरच्या प्रश्नाच्या उत्तराचे दार येथे किलकिले झाले.

याच सुमारास आपल्या सह्याद्रीच्या परिसरातील भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणी' पुरा केला. पृथ्वीच्या अंगी आकर्षणशक्ती आहे व ती जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, असे त्यात आहे. ब्रह्मगुप्तांनीही सातव्या शतकात असेच म्हटले होते, आणि त्यांचा तो विचार अल्‌बिरुनी यांनी सुमारे १०३० साली हिंदुस्थानावरील आपल्या अरबी ग्रंथात उतरवून घेतला. पुढे १५८७ साली अकबराच्या आज्ञेवरून फैजीने भास्कराचार्यांच्या 'लीलावती'चे फारसी भाषांतर केले. जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटण येथे भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आजही आहे. विद्येने धर्माची आणि भाषेची वेस कधी मानली नाही, याला याहून दुसरा पुरावा कशाला हवा?

हे झाले ग्रंथांचे. आता हातांकडे वळू.

विद्वान मंडळी गतीवर लिहीत असताना दुसरीकडे तोफा ओतणारे उस्ताद आणि तोफा डागणारे गोलंदाज आपले काम करीत होते. या कामात दख्खन मागे नव्हते. विजापूरच्या बुरुजावरची मुलुख मैदान तोफ प्रसिद्धच आहे. तिची जन्मभूमी मात्र आपले अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. बुऱ्हाण निजामशहाच्या काळात १५४९ साली मुहम्मद बिन हसन रूमी या उस्तादाने ती तेथे ओतली. त्याचे नाव तोफेवरच कोरलेले आहे. वजन सुमारे ५५ टन, लांबी १४ फुटांहून अधिक आणि तोंड असे की आत माणूस बसावा. परांड्याच्या किल्ल्यातून १६३२ साली ती विजापुरास नेण्यात आली. एवढे अवजड ओतकाम साधणे म्हणजे धातूचे आणि भट्टीचे ज्ञान किती वरच्या दर्जाचे असले पाहिजे!

तोफ डागणाऱ्यालाही पुष्कळ कळत होते. तोंड आडवे ठेवले तर गोळा जवळ पडतो, मागच्या बाजूची पाचर काढून तोंड उचलले तर तो लांब जातो, हे त्याच्या अंगवळणी पडलेले होते. परंतु हे ज्ञान बहुतांशी उस्तादाकडून शागीर्दाकडे तोंडी गेले. इब्न सीना आणि अबुल बरकात मदरशांतील विद्वानांच्या हाती राहिले, पाचर गोलंदाजाच्या हाती राहिली. या दोघांची बैठक एका टेबलाभोवती झाली नाही. माझ्या मते आपला वाटा थांबला तो येथेच.

युरोपात ही बैठक झाली. १५३७ साली, म्हणजे मुलुख मैदान ओतली जाण्याच्या बारा वर्षे आधी, इटलीतील तार्ताल्या या गरीब घरच्या गणितज्ञाने तोफगोळ्याच्या मार्गावर पुस्तक छापले. तोफेचे तोंड ४५ अंशांवर ठेवले असता गोळा सर्वांत लांब जातो, असे त्याने सांगितले. त्याच्या पहिल्या आकृत्यांत गोळा सरळ जातो, मग वळतो, मग सरळ खाली पडतो. पण १५४६ सालच्या दुसऱ्या पुस्तकात त्याने स्वतःलाच सुधारले. गोळ्याच्या मार्गाचा कोणताही भाग पुरता सरळ नसतो, असे त्याने कबूल केले.

मग आला गॅलिलिओ. जन्म १५६४ चा. त्याच्या पिढीपर्यंत आपल्या विद्वानांचे विचार लॅटिन भाषेतून पोहोचले होते. स्पेनमधील इब्न बाज्जा यांचे गतीविषयीचे मत इब्न रुश्द यांच्या ग्रंथांतून युरोपच्या विद्यापीठांत शिकविले जात असे. परंतु गॅलिलिओने केवळ ग्रंथ वाचले नाहीत. व्हेनिसच्या जहाजांच्या कारखान्यात तो कारागिरांशी बोलत असे. त्याच्या शेवटच्या महान ग्रंथाचा आरंभच त्या कारखान्याच्या आणि तेथील कारागिरांच्या कौतुकाने होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

सुमारे १६०८ साली त्याने पुढील प्रयोग केला. टेबलावर एक उतरती पन्हळ ठेवली. तिच्यावरून धातूची गोळी घरंगळत सोडली. टेबलाच्या कडेवरून गोळी आडवी निघे आणि जमिनीवर पडे. ती कोठे पडली याचे अंतर त्याने मोजले. गोळी पन्हळीवर अधिक उंचावरून सोडली की ती अधिक वेगाने निघे आणि अधिक दूर पडे. उंची चौपट केली की अंतर दुपटीच्या जवळपास जाई. प्रयोगाच्या नोंदींचा तो कागद फ्लॉरेन्स येथे आजही जपून ठेवलेला आहे. त्यावर एखादी गणिताची वही असावी तशी आकडेमोड आहे.

त्यातून निघालेला निष्कर्ष असा. आडव्या फेकलेल्या वस्तूच्या दोन गती असतात. आडवी गती सारखी राहते. सारख्या वेळात सारखे अंतर. खाली जाण्याची गती मात्र वाढत जाते. पहिल्या सेकंदात ४.९ मीटर, दोन सेकंदांत एकूण १९.६ मीटर, तीन सेकंदांत ४४.१ मीटर. एक गती दुसरीला अडवीत नाही आणि दुसरीसाठी थांबतही नाही. या दोन गतींच्या मिलाफातून जी वक्ररेषा निघते तिला आपल्या गणिताच्या पुस्तकात अन्वस्त म्हणतात. इंग्रजी माध्यमातील मुले तिला पॅराबोला म्हणतात. ही रेषा प्राचीन ग्रीकांना भूमितीतून ठाऊक होती, बगदादमध्ये साबित इब्न कुर्रा आणि त्यांचे नातू इब्राहीम यांनीही तिचा अभ्यास केला होता. परंतु फेकलेला दगड हीच रेषा आकाशात रोज काढतो, हे ओळखले गॅलिलिओने. १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे त्याचा ग्रंथ छापून निघाला, तेव्हा तो आपल्या घरात नजरकैदेत होता आणि त्याची दृष्टी गेलेली होती.

हे सारे आपल्या लोकलगाडीतही घडते. अंधेरीहून सुटलेली जलद गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर या एकसारख्या वेगाने चालली आहे असे समजा. डब्यात उभे राहून सव्वा मीटर उंचीवरून नाणे सोडले तर ते अर्ध्या सेकंदात खाली पडेल. तेवढ्या वेळात गाडी १० मीटर पुढे जाईल. तरी नाणे आपल्याच पायाशी पडते, कारण गाडीची आडवी गती त्याच्याही अंगी आहे. आपल्याला ते सरळ पडलेले दिसते. फलाटावरच्या माणसाला तेच नाणे वळणदार वाटेने पडताना दिसेल.

आता जंजिऱ्यावरच्या मुलाला उत्तर देऊ. समजा, तोफेचे तोंड पाण्यापासून १२ मीटर, म्हणजे सुमारे ४० फूट उंच आहे आणि तोफ अगदी आडवी आहे. गोळा पाण्यावर पडावयास दीड सेकंदाहून किंचित अधिक वेळ लागेल. तोच गोळा हातातून नुसता सोडला तरी तेवढाच वेळ लागेल! गोळा सेकंदाला १०० मीटर वेगाने निघाला तर सुमारे १५६ मीटरवर पडेल. ३०० मीटर वेगाने निघाला तर सुमारे ४७० मीटरवर. हवेच्या अडथळ्यामुळे प्रत्यक्षात अंतर काहीसे कमी भरेल. दारू कितीही भरा, गोळा जाईल दूर, पण पाण्याच्या वर राहील तो तेवढाच काळ. लांबचा पल्ला गाठावयाचा तर तोंड उचललेच पाहिजे. गोलंदाजाच्या पाचरीचे गुपित ते हेच.

गोळा आणखी वेगाने सोडला तर? हा प्रश्न इंग्लंडच्या न्यूटनने विचारला. फार उंच डोंगरावर तोफ आहे, हवा नाही, अशी त्याने कल्पना केली. गोळा जितका वेगवान, तितका दूर पडणार. परंतु पृथ्वी गोल आहे. ८ किलोमीटर अंतरात तिचा पृष्ठभाग सुमारे ५ मीटर खाली वळतो, आणि एका सेकंदात वस्तूही जवळपास ५ मीटरच पडते. मग सेकंदाला ८ किलोमीटर या वेगाने आडवा फेकलेला गोळा पडतच राहील, पण जमीनही तितकीच खाली वळत जाईल. तो पृथ्वीभोवती फिरू लागेल. न्यूटनची ही कल्पना त्याच्या मृत्यूनंतर १७२८ साली छापून आली.

ती कल्पना भारताच्या भूमीवरून भारताच्या रॉकेटने खरी केली ती १८ जुलै १९८० रोजी. श्रीहरिकोट्याहून सुटलेल्या एसएलव्ही-३ रॉकेटने ३५ किलो वजनाचा रोहिणी उपग्रह वर नेऊन तेथे आडवा फेकला आणि तो पृथ्वीभोवती फिरू लागला. या प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम, जे पुढे २००२ ते २००७ या काळात आपले राष्ट्रपती झाले. त्याआधी १० ऑगस्ट १९७९ रोजी त्यांचा पहिला प्रयत्न फसला होता आणि रॉकेट बंगालच्या उपसागरात कोसळले होते. त्यांनी अपयशाचा हिशेब मांडला, चुका शोधल्या आणि पुन्हा उभे राहिले. रामेश्वरमच्या या मुलाने लहानपणी आपल्या वडिलांना यात्रेकरूंसाठी लाकडी नाव बांधताना पाहिले होते. बापाचा हात आणि मुलाचे पुस्तक एका घरात भेटले, ते असे.

वाचकहो, आपल्या समारंभांतून दोन प्रकारची भाषणे ऐकू येतात. एक म्हणते, सारे विज्ञान आमच्याच पूर्वजांनी शोधून ठेवले होते, युरोपने ते उचलले. दुसरे म्हणते, आमच्या लोकांनी काही केले नाही आणि आमच्या मुलांना ते जमणारही नाही. या एका प्रश्नाचा इतिहास दोन्ही भाषणांना खोटे ठरवितो. अबुल बरकातांनी दार किलकिले केले, हे खरे. त्यांनी पन्हळ मांडून अंतर मोजले नाही, हेही तितकेच खरे. पूर्वजांचा वाटा अभिमानाने सांगावा, पण त्यात भर घालून सांगू नये. कारण न केलेल्या कामाचे श्रेय घेतले की करावयाच्या कामाची गरज वाटेनाशी होते.

पालकांना माझे सांगणे आहे. साकीनाका, कुर्ला, जोगेश्वरी, घाटकोपर या भागांतील छोट्या कारखान्यांत आपल्यापैकी कितीतरी जण लेथवर, वेल्डिंगवर, ओतकामावर उभे असतात. ही रूमी उस्तादाची परंपरा आहे, तिची लाज वाटू देऊ नका. परंतु मुलगा हाताने हुशार आहे म्हणून त्याला दहावीच्या आधीच शाळेतून काढू नका, आणि मुलगी गणितात हुशार असताना तिला विज्ञानापासून दूर ठेवू नका. रविवारी मुलांना आपला कारखाना दाखवा. रात्री त्यांची वही पाहा. हात आणि वही ज्या घरात भेटतील त्या घरातून पुढचे पाऊल पडेल. इल्म मिळविणे हे आपण धर्मकर्तव्य मानतो. मग त्या इल्मात मोजपट्टीही आली.

आणि विद्यार्थी मित्रहो, माझ्या सांगण्यावर विश्वास ठेवू नका. घरी जा. पुस्तकाचा उतार करून टेबलावरून एक गोटी सोडा. जमिनीवर पांढरा कागद व त्यावर कार्बन पेपर ठेवा, म्हणजे गोटी पडेल तेथे ठिपका उमटेल. उतारावरची उंची बदला, अंतर मोजा, वहीत लिहा. टेबलाची उंची ८० सेंटिमीटर असेल तर प्रत्येक गोटी सुमारे ०.४ सेकंदातच खाली येईल, मग ती जवळ पडो की दूर. आकडे जुळले नाहीत तर ते खोडू नका. का जुळले नाहीत ते शोधा.

जंजिऱ्यावर प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी वर्गात बोलावून दोन नाणी दिली आणि म्हटले, "बघ, आता तूच सर्वांना ऐकव." वर्ग शांत झाला. एकच आवाज आला.